चौकातला नळ

लातूर जिल्ह्याचं गाव झालं तशी तिथं माणसं मावेनात, आणि पाऊस तर दोन वर्षं फिरकलाच नव्हता. नगरपालिकेच्या साहेबांनी गल्ली गोळा करून विचारलं, "धरणाचं पाणी आणायचं चाललंय. घरोघर नळ द्यायचे, का चौकातच आणखी नळ वाढवायचे?" घरोघर म्हणताच सगळ्या गल्लीनं हात वर केले. चौकातल्या नळासाठी मात्र एकट्या जगदेवीचा हात वर झाला.

"म्हातारपणी घागरी वाहायची हौस आली का तुला?" नवरा अमृतराव सगळ्यांदेखत खेकसला.

दुसऱ्या दिवशी नळावर तिचा नंबर आला, तरी ती मागच्या बायांना पुढं सोडत राहिली. अखेर पलीकडच्या गल्लीतली महानंदा कडेवर पोर घेऊन आली. तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून अमृतरावानं घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं.

"माय, घरोघर नळ येणार म्हणं?"

जगदेवीनं तिच्या कडेवरून नातवाला घेतलं आणि उराशी धरलं.

"न्हाई गं. सरकारी काम हाय ते, लई वर्षं लागतील."