दिल्लीच्या काड्या

“पाहुण्यांनी हातपाय कशात धुवायचे? की तुमच्या तळ्यावर पाठवू त्यांना?” मथुराबाईंनी दारातून विचारलं.

श्रीनिवासपंतांनी मान वर केली नाही. पर्वतीच्या तळ्यातून आणलेलं कमळ ते घंगाळात सोडत होते. घरातलं ते एकुलतं एक घंगाळ अंगणाच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरलं होतं आणि घरची माणसं मडक्यातून पाणी घेऊन अंग ओलं करत होती.

“अगं, हळू बोल. दिगंबरपंत येतील एवढ्यात.”

“येऊ देत. त्यांनाही कळू दे, बाग सजली आणि घर पारोसं राहिलं.”

कसबा पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या आणि मागे दोन खाटा टाकल्या तर तिसरीला जागा उरणार नाही एवढं अंगण. त्यात पंतांनी दिल्लीच्या अमिरांसारखी चारबाग मांडली होती. चार वाफे, मधून पाण्याचा पाट, मधोमध तळं. पाट एवढा ऐसपैस, की मुंगीने उडी मारून ओलांडावा. वाफ्यांना विटांची नक्षी, कडेला गेरूने रंगवलेल्या कुंड्या, भिंतीवर जाईचा वेल. आणि चारी वाफ्यांत गुलाब. त्यापायी मोरीकाठचं अळू गेलं, कढीलिंब गेला, कारल्याचा मांडव गेला. साध्या फतफत्याला मथुराबाईंना शेजारी हात पसरावा लागे.

शेजार तरी कुणाचा? दत्तोबांचा. दत्तोबा आणि पंत दिल्लीच्या एकाच मोहिमेवर गेलेले, एकाच फडावरचे कारकून. दत्तोबा परतले तेव्हा त्यांचं तट्टू ओझ्याने वाकलं होतं. महिनाभरात त्यांच्या बायकोच्या हातात पाटल्या आल्या. पंत परतले ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गुलाबाच्या काड्या उराशी धरून. “लोकांनी दिल्ली लुटली, आमच्या ह्यांनी तिची झुडपं छाटून दिली,” असं मथुराबाई पाणवठ्यावर आपणच सांगत. दुसऱ्या कुणी हसण्याआधी आपण हसून घेतलेलं बरं.

आज पाहुण्यांसमोर मात्र जीभ आवरायची, असं त्यांनी ठरवलं होतं. एका लहानशा महालाची मामलत, म्हणजे तिथल्या सारावसुलीचा कारभार, रिकामी झाली होती आणि ती कुणाला द्यायची हे सरकारातल्या दिगंबरपंतांच्या शब्दावर होतं. मामलत मिळाली की स्वतःचं घर होणार होतं. दत्तोबांच्या दारी अळवासाठी उभं राहणं संपणार होतं.

दिगंबरपंत आले. जेवले. हात धुवायला अंगणात गेले ते तिथेच थबकले. वाकून त्यांनी एका फुलाचा वास घेतला.

“हा गुलाब पुण्याचा नव्हे.”

“दिल्लीचा,” श्रीनिवासपंत फुलून म्हणाले. “एका अमिराचा वाडा सोडून सगळे पळाले होते. आमचा मुक्काम तिथेच पडला. बागेतल्या काड्या मी कापून घेतल्या. वाटेत पिण्याच्या पाण्यातलं पाणी त्यांना शिंपडलं, तेव्हा जगल्या.”

“सबंध वाडा मोकळा? आणि आपण काड्या आणल्यात?”

“हो.”

“आणखी काय आणलंत?”

“आणखी काही नाही.”

दिगंबरपंत हसले. विडा न घेताच निघाले.

त्या काळी हिंदुस्थानची, म्हणजे उत्तरेची, मोहीम करून आलेला माणूस रिकाम्या हाताने परतला, असं पुण्यात कुणी मानत नसे. लूट सरकारात जमा करायची असा हुकूम होता. सगळे ती घरात पुरत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहारी आणि कुदळी घेऊन सरकारी माणसं अंगणात उतरली. मागे दिगंबरपंत होते.

आधी जाईचा वेल ओढून काढला. मग कुंड्या फोडल्या. मग वाफे.

“जरा जपून,” श्रीनिवासपंत पुढे झाले. “मुळं फार खोल गेलेली नाहीत.” खोदणारे खदाखदा हसले.

मथुराबाई दाराआड उभ्या होत्या. अब्रू गेली म्हणून जीव तळमळत होता. पण पहार दगडाला लागून खणकली की काळीज भलत्याच आशेने उडत होतं. न जाणो, ह्या भोळ्या दिसणाऱ्या माणसाने खरंच एखादा हंडा पुरला असेल! देवापुढे हात जोडले, पण काय निघू दे म्हणावं आणि काय नको, तेच कळेना.

घंगाळ उपसलं. त्याखाली कमरेइतकं खणलं. भिंती ठोकून पाहिल्या, धान्याच्या कणग्या उलट्या केल्या. एक फुटकी पणती निघाली. बाकी माती.

भिंतीवरून दत्तोबांची बायको बघत होती. पाटल्या तिने पदराखाली घेतल्या होत्या. तिच्याकडे नजर गेली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मथुराबाईंची मान नवऱ्याच्या नावाने ताठ झाली. परक्या पुरुषासमोर येऊन बोलायची तेव्हा रीत नव्हती. त्या पदर सावरत सरळ अंगणात आल्या.

“झाली खात्री?” त्या म्हणाल्या. “इतका चोख माणूस सरकारला शोधून सापडायचा नाही. आता मामलतीच्या नेमणुकीची वस्त्रं कधी पाठवता, तेवढं सांगा.”

दिगंबरपंतांनी जोड्यांची माती झटकली.

“वस्त्रं दत्तोबांकडे जातील, बाई. मोकळ्या वाड्यातून ज्याला काड्यांखेरीज काही उचलता आलं नाही, तो रयतेच्या बंद घरांतून सरकारसाठी काय काढणार?”