निम्मी कळ

कोर्टात दिगंबरच्या खांद्याला लावलेल्या कळमापकाचा काटा काही केल्या वर चढेना, तसे कारखान्याच्या मालकाचे वकील गालात हसले. “साहेब, एवढी कळ तर मला या खुर्चीत बसून येते!”

शोभनाने चटकन नवऱ्याकडे पाहिलं. यंत्रमागात दिगंबरचा खांदा चिरडला तेव्हापासून दोघांच्या मनगटांवर जोडपट्ट्या होत्या, आणि त्यांतून नवऱ्याची निम्मी कळ बायको आपल्या अंगावर घेत होती. आज तर त्याला साहेबांपुढे नीट बोलता यावं म्हणून तिने जरा जास्तच ओढून घेतली होती.

या दोघांचे स्वतःचे वकील तिच्या कानाशी लागले. “वहिनी, घात केलात. जखमीचं दुखणं जखमीच्याच अंगात दिसायला हवं. निकाल लागेपर्यंत पट्टी बंद.”

तिने पट्टी सोडली. काटा सरसर चढला. दिगंबरने दात आवळले आणि भरपाईचा दावा तगला.

परतताना बसमध्ये तिचा खांदा कापसासारखा हलका होता. शेजारी नवरा खिडकीबाहेर बघत होता.

“अहो, फार दुखतंय?”

“छे गं. काही नाही.”

खरं की खोटं, हे आता तिला कळायला मार्ग नव्हता.