आपल्या राज्याची परीक्षा

"आपलं राज्य, आपली मुलं, आपली परीक्षा!" लोरेनने माइकवरून वाचलं आणि ती घोटभर पाणी प्यायली.

राज्याच्या शिक्षण खात्याचं निवेदन होतं. ते पालकांना वाचून दाखवणं मुख्याध्यापिका म्हणून तिला भाग होतं. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या ह्याच जिमच्या हॉलमध्ये तिने वाचलं होतं, "पंधरा राज्यं, एकच परीक्षा! आपली मुलं साऱ्या देशाच्या तोडीस तोड." आता ती सोडून राज्याची स्वतःची परीक्षा आणताना खातं म्हणत होतं, बाहेरच्यांनी लादलेलं ओझं आपण उतरवलं. ते लादलं तेव्हा ढोल कोण बडवत होतं, ह्याबद्दल निवेदनात अवाक्षर नव्हतं.

"म्हणजे बाई, तेव्हा चांगली होती ती आता वाईट झाली?" म्हातारा ऑर्विल मागून ओरडला. त्याचा नातू चौथीत होता. "मग नातवाला दिलेला तो परीक्षेचा टी-शर्ट परत करू का?"

जिममधले सगळे हसले. लोरेनही हसली, पण तिचं लक्ष तिसऱ्या रांगेत होतं. तिथे तिची धाकटी बहीण टेस हाताची घडी घालून बसली होती.

गावात त्या परीक्षेविरुद्ध रान उठवलं ते टेसने. "आपल्या मुलांचं काय ते आपण ठरवू, दूरच्या शहाण्यांनी कशाला?" असं म्हणत ती दारोदार फिरली. निम्म्या गावाने मुलं परीक्षेला बसवलीच नाहीत. अशा मुलांनी परीक्षा चालू असताना वर्गातच गप्प बसून राहायचं, पुस्तकही उघडायचं नाही, असा नियम होता. लोरेनने तो सर्वांना लावला, तसा सख्ख्या भाचीला, टेसच्या ब्रिनलाही लावला. ब्रिन रडत घरी गेली. "भिंतीकडे बघत बसवलंस माझ्या पोरीला!" एवढं बोलून टेसने फोन आपटला. त्यानंतर थँक्सगिव्हिंगच्या सणाला लोरेनकडे जेवायला ती कधी आली नाही. लोरेन दरवर्षी तिचं पान मांडायची आणि दरवर्षी उचलून ठेवायची.

आणि आज खरं सांगायचं तर लोरेनची पाचावर धारण बसली होती. नव्या परीक्षेचा नमुना तिने पाहिला होता. जुन्या परीक्षेतला तोच बीव्हर ह्या प्राण्यावरचा उतारा, तेच प्रश्न, पर्यायांचा क्रमही तोच. वर फक्त राज्याचं बोधचिन्ह आलं होतं. तोच उतारा टेसने एकदा भर सभेत नकला करत वाचला होता. तिला तो तोंडपाठ होता. तिने आता नुसतं तोंड उघडलं असतं तरी सभेत लोरेन खोटारडी ठरली असती, आणि बहीण कायमची गेली असती.

टेस उठली. जिममधली कुजबुज थांबली. टेस म्हणेल ते गाव करणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"नव्या परीक्षेचा नमुना मी घरी बसून सोडवला," ती म्हणाली. "अख्खा."

लोरेनने माइकचा दांडा घट्ट धरला.

"ही वेगळी आहे. आपली आहे. माझी ब्रिन बसणार."

ती खाली बसली. "चला, सुटलो एकदाचे!" ऑर्विल म्हणाला. मग टाळ्या सुरू झाल्या. लोक खुर्च्या आवरू लागले. कित्येक दिवसांनी लोरेनने ऊर भरून श्वास घेतला. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

बाहेर वाहनतळावर टेस आपल्या पिकअपला टेकून उभी होती. लोरेन जवळ जाऊन थांबली.

"टेस, तू तो नमुना खरंच नीट वाचलास?"

"वाचला की."

"मग तुला कळलं नाही? ती तर..."

"तीच आहे. शब्दन् शब्द तीच आहे, मी काय आंधळी आहे?" टेसने तिचा दंड धरून तिला जवळ ओढलं. "पण त्यांनी नाव बदललं नसतं, तर मी तुझ्याकडे परत कोणत्या तोंडाने आले असते गं?"