चाळीसच्या खाली

मशीनने टोल्युइन सांगितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पडद्यावर एक्क्याण्णवचा उंच सुळका आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून ब्याण्णवचा जरा बुटका. ही जोडगोळी तिने झोपेतसुद्धा ओळखली असती. रेणू फोडायचा, त्याचे तुकडे वजनाप्रमाणे रांगेत उभे करायचे आणि तुकड्यांवरून मूळ मालक शोधून काढायचा, हे काम ती अकरा वर्षं करत होती. पण घरच्या माणसासाठी आज पहिल्यांदाच.

धाकटा दीर छापखान्यात होता. दोन दिवस बंद खोलीत नव्या डब्यातल्या थिनरने रोलर पुसत बसला, आणि आज सकाळी उलट्या सुरू झाल्या. नवऱ्याने त्याला दवाखान्यात नेलं आणि थिनरची बाटली हिच्या प्रयोगशाळेत धाडली. डब्यावर आत काय आहे याचा पत्ता नव्हता. ते कळल्याशिवाय डॉक्टर तरी कशावर इलाज करणार?

तिने फोन लावला. नवऱ्याने तो सरळ भावाच्या कानाला लावला.

“टोल्युइन आहे, भाऊजी, थिनरमध्ये नेहमी असतं तेच. मोकळ्या हवेत पडून राहा, उतरेल.”

“राहतो की. फक्त हे पांढरं कधी जाणार तेवढं मशीनला विचारा, वहिनी. तासाभरापासून सगळं पांढरं दिसतंय. दादाचं तोंडसुद्धा. अर्थात, ते न दिसलेलंच बरं.”

ती हसली आणि अर्ध्यातच थांबली. टोल्युइनने माणूस गरगरतो, त्याला पांढरं दिसत नाही. पांढरं दिसतं ते मिथेनॉलने, विषारी दारूत असतं त्याने, आणि मग हळूहळू तेही दिसेनासं होतं. आता तिचेच डोळे पांढरे व्हायची वेळ आली. पण पडद्यावर मिथेनॉल कुठे होतं? तिने आलेख पुन्हा पाहिला. नव्हतं. अजिबात नव्हतं.

तेवढ्यात तिची नजर मशीनवर चिकटवलेल्या कागदावर गेली. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : चाळीसच्या खाली फक्त हवा.

ती ताडकन उठली. हवेतला नायट्रोजन अठ्ठावीस, ऑक्सिजन बत्तीस. त्यांची गर्दी नको म्हणून इथे सगळे मोजणी चाळीसपासून सुरू करायचे. शिवाय पहिली तीन मिनिटं मशीनचे डोळे मिटलेलेच असायचे, नाहीतर सुरुवातीच्या लोंढ्यात आतली तार जळते. आणि मिथेनॉलचं अख्खं वजन बत्तीस, बाहेर पडतं तेही पहिल्या दोन मिनिटांत. ते समोरून गेलं असतं तरी मशीनला पत्ता लागला नसता!

“सर, मी पंचवीसपासून बघतेय. आणि पहिल्या सेकंदापासून.”

सर खुर्चीतून उडालेच. “डोकं ठिकाणावर आहे का? तार जळली तर नवी यायला महिना लागेल!”

“माझ्या दिराचे डोळे नवे येणार नाहीत, सर.”

सर स्वतःच पुढे झाले. “थांब. थिनर नको टाकूस, बाटलीतली नुसती वाफ घे. तार वाचेल.”

तिने सुईने चिमूटभर वाफ ओढली आणि आत सोडली. दोघं पडद्याला नाक लावून उभे राहिले. आधी हवा आली. अठ्ठावीस, बत्तीस, ठरल्याप्रमाणे. रेघ खाली बसली. आणि दीड मिनिटाला रेघ पुन्हा उठली, चढली, चढतच गेली.

“एकतीस!” ती किंचाळली. “सर, हवेत एकतीस नसतं! बत्तीसमधला एक हायड्रोजन गेला की एकतीस!”

“घाई नको. साधं अल्कोहोलही एकतीस देतं.”

“मग त्याचं पंचेचाळीस कुठंय? दाखवा ना!”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडदा वर-खाली धुंडाळला. पंचेचाळीस नव्हतं. त्यांनी मशीनवरचा कागद टराटरा फाडला आणि फोन उचलून तिच्या हातात दिला. “बोल. लवकर बोल.”

“मिथेनॉल?” पलीकडून डॉक्टरांनी विचारलं. “नक्की?”

“नक्की.”

“मग औषध आत्ता चालू करते. रक्तही मशीनवर शुद्ध करून घेऊ. डोळ्यांचं मात्र तीन दिवसांनी कळेल.”

ते तीन दिवस घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी नवऱ्याचा फोन आला, “ये, डॉक्टर तपासून गेल्यात.” काय म्हणाल्या ते त्याने सांगितलं नाही आणि विचारायचा तिला धीर झाला नाही. हातातलं काम तसंच टाकून ती धावत सुटली. जिने चढली, खोलीत शिरली आणि दिराच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“भाऊजी, काय दिसतंय?”

त्याने डोळे उघडले.

“पांढरं,” तो म्हणाला. “वहिनी, सगळं पांढरंच.”

तिने पलंगाची कड घट्ट धरली. नवरा पाठ फिरवून खिडकीशी उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. तो रडत असणार असंच तिला वाटलं.

“आणि खिशावर निळ्या शाईचा हा एवढा डाग,” दीर म्हणाला. “प्रयोगशाळेतला कोट तेवढा काढून यायचा की हो!”