अंगठा आत, मूठ बंद

“औषध नकोय डॉक्टरीणबाई, हिचं नाटक पकडून द्या,” खुर्चीत बसायच्या आधीच लल्ला इत्तो म्हणाली. तान्ह्या नातीला तिने डाव्या हाताने छातीशी आवळलं होतं. सून नझहा दाराशीच उभी राहिली.

मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या त्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या बायकांना ऐकू जावं, असाच सासूने आवाज लावला होता.

“कणीक मळ म्हटलं की हिचं मनगट दुखतं. धुणं पिळ म्हटलं की दुखतं. काल हरीरा सुपाचं भरलं भांडं पाडलं. उद्या पोर पाडेल! म्हणून कालपासून मी पोर हिच्याकडे देतच नाही. पाजण्यापुरती देते आणि लगेच काढून घेते.”

डॉक्टरीणबाईंनी नझहाचा हात टेबलावर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला सूज होती.

“अंगठा आत घेऊन मूठ मिट. आता मनगट करंगळीच्या बाजूला वाकव. सावकाश.”

नझहा किंचाळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघितलंत?” लल्ला इत्तो उसळली. “एवढ्यात रडतात का कुणी? माझी साठी आली, पाच बाळंतपणं काढली. हे बघा!” तिने उजव्या हाताची तशीच मूठ मिटली आणि मनगट खाली-वर, खाली-वर केलं. “दुखतंय काही? छे!”

“दुखणारच नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “धडधाकट हाताला याने काही होत नाही. हिला दुखतं, कारण अंगठा हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांचं आवरण सुजलंय. पोर सारखं उचलून बाळंतिणींना होतं असं. पट्टा बांधते. हाताला आराम द्या.”

लल्ला इत्तोची मूठ हवेतच राहिली. मग ती सुनेवर खेकसली, “तोंड शिवलं होतं का तुझं? सूज आली तेव्हा सांगायचं नाही मला?”

“सांगितलं होतं, लल्ला.” नझहाने पुढे होऊन सासूच्या हातातून मुलगी घेतली. सासूने हात सैल सोडले. “सूज दाखवली, तर तुम्ही तिथेच बोट दाबलंत. म्हणालात, दुखतंय तर ओरड बघू.”

“मग? ओरडलीस का?”

“ही मांडीवर झोपली होती.”