शनिवार, दुपारी तीनचा सामना

फुटबॉलचा सामना संपायच्या आतच मी नैरोबीहून इंग्लंडला आईला फोन लावला.

“आई, आधी बस बघू. बाबा जिवंत आहेत! आत्ता टीव्हीवर प्रेक्षकांत दिसले. गोल झाला तसे टोपी उडवत नाचत होते.”

तीन वर्षांपूर्वी बाबांची होडी रिकामीच किनाऱ्याला लागली, तेव्हा त्यांच्या शोकसभेत आई चर्चमध्ये बेशुद्ध पडली होती.

“काहीतरीच काय, नाइजेल! शनिवारी तीनचा सामना टीव्हीवर दाखवायला बंदी आहे.”

“ती तुमच्या इंग्लंडात. बाहेरच्या देशांना प्रक्षेपणाचे हक्क विकलेत, आई. इथे सगळे सामने दिसतात.”



“तरी आज सामन्याला निघताना बजावलं होतं त्यांना,” आई पुटपुटली, “टोपी काढू नका म्हणून.”