डाव्या हाताचे ठसे

“जानकीताई, आज तरी ठसे द्या,” म्हणत सहदेव तांबेने शाईचं पॅड तिच्या टेबलावर ठेवलं.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसलेल्या जानकी परबने मान वर केली नाही. त्याने पुन्हा हाक मारली, तेव्हा केली. पहिल्या हाकेला ती कधीच ओ देत नसे. तिला कमी ऐकू येतं, असं ऑफिसने परस्पर ठरवून टाकलं होतं.

“उद्या देते, साहेब.”

“परवा रिटायर होताय तुम्ही. उद्या-उद्या करत माझी वाट लावणार!”

सहदेव त्या वॉर्ड ऑफिसातला हेडक्लार्क. त्याच्या विभागात मंजूर पदं आठ, भरलेली तीन. तिघांपैकी एकाला निवडणुकीच्या कामाला उचलून नेलं होतं, त्याला परत आणून ठेवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. दुसरा आजारी रजेवर. उरली जानकी. नवी भरती गेली कित्येक वर्षं ‘विचाराधीन’ होती. जानकी अठ्ठावन्न पूर्ण करून घरी गेली, की सोमवारी खिडकी उघडायला माणूस नव्हता. सहदेवला याची खरोखर धास्ती वाटत होती.

त्याने खटपट करून एका कंत्राटी लिपिकाची मंजुरी आणली होती. निवृत्त कर्मचाऱ्याला प्राधान्य. अट एकच, आधी पेन्शनची फाइल पूर्ण हवी. त्या फाइलला डाव्या हाताच्या पाच बोटांचे ठसे लागत. नोकरीला लागताना सेवापुस्तकात घेतलेल्या ठशांशी ते ताडून बघायचे, एवढंच.

“तुम्हाला राहायचंय ना इथे?” त्याने विचारलं.

“राहायचंय. घरी बसून नाही भागणार माझं. एकटी आहे मी.” भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती म्हणाली.

“मग द्या ना बोटं. काय जातंय तुमचं?”

“खिडकीवर माणसं आहेत, साहेब.”

खिडकीवर एकच बाई होती. नाव शकु. तिचा नवरा सफाई कामगार होता, गेल्या आठवड्यात घरीच वारला. जानकीने तिचा फॉर्म स्वतःच भरून घेतला.

“दाखला मिळाला की ह्यांच्या जागी मला लावतील ना?” शकुने विचारलं.

“अर्ज करा. अनुकंपाच्या यादीत नाव लागेल.”

“मग?”

“मग थांबायचं.”

“किती?”

जानकीने शिक्का मारला. “मुलगी आहे?”

“आहे. बारावीला.”

“तिला शिकवा. यादीवर भरवसा ठेवून तिला घरी बसवू नका.”

सहदेव ऐकत होता. खिडकीवर असं बोलू नये, हे त्याला कळत होतं. पण त्यात खोटं काय होतं, तेही सांगता येत नव्हतं. तो पॅड घेऊन जागेवर परतला.

दुपारी त्याने तिचं सेवापुस्तक काढलं. पहिल्या पानावर फोटो, एकोणीसशे एकोणनव्वदचा. बावीस वर्षांची मुलगी. तेच रुंद कपाळ, हनुवटीवर तीच खळी. बाई फारशी बदललीच नाही, त्याला वाटलं. सगळं ऑफिस केस रंगवून वय लपवायची धडपड करायचं. हिने आपले पिकू दिले होते, तरी अठ्ठावन्न कुणालाही पटत नसत.

नोंदी सरळ होत्या. एकवीस वर्षं शहरातल्या एका ऑफिसात. दोन हजार दहाच्या मे महिन्यात रजा, गावी. जूनमध्ये बदलीचा आदेश घेऊन इथे हजर. त्यानंतर एक दांडी नाही. दोनदा बढती आली, मुख्य कार्यालयात. दोनदा तिने नाकारली, कारण ‘घरगुती अडचण’. इथल्या कागदांवरच्या सह्या एक झाकावी आणि दुसरी काढावी अशा, गिरवून काढलेल्या.

असलं माणूस पुन्हा मिळणार नाही, असं म्हणत त्याने पुस्तक मिटलं.

शेवटच्या दिवशी समोसे आले, शाल आली, नारळ आला. वॉर्डाच्या मोठ्या साहेबांनी भाषणात तिचं नाव चुकवलं आणि मग दुरुस्त केलं. जानकी दोन्ही वेळा सारखीच हसली. शाल तिने घडी न मोडता पिशवीत ठेवली.

सहाच्या सुमाराला ती सहदेवच्या टेबलापाशी आली. हातात जाड पाकीट होतं.

“ठसे?” त्याने विचारलं.

“आहेत त्यात.”

“सुटलो बुवा! मग सोमवारी या. खुर्ची हलवत नाही मी तुमची.”

ती लगेच निघाली नाही. “साहेब, मला खरंच राहायचंय हो,” ती म्हणाली, आणि इथे आल्यापासूनच्या तीन वर्षांत पहिल्यांदा सहदेवला तिचा आवाज कापरा झालेला ऐकू आला. त्याला वाईट वाटलं. एवढ्याशा कंत्राटासाठी बाईने रडकुंडीला यावं, हे त्याला बघवेना.

“अहो, तुमचंच आहे ते काम. दुसरं आहेच कोण?”

“पाकीट सोमवारी बघितलंत तरी चालेल,” एवढंच ती म्हणाली. दारातल्या मशिनवर अंगठा टेकवून, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबून ती घाटकोपरच्या बसला गेली.

सोमवारपर्यंत थांबायला सहदेवला धीर नव्हता. त्याने पाकीट फोडलं. वर मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म होता, रोज हाताखालून जायचा तोच. फक्त अर्ज होता कोकणातल्या एका ग्रामपंचायतीकडे, उशिराच्या नोंदीसाठी. मृत्यूची तारीख एकोणीस मे दोन हजार दहा. मृताचं नाव जानकी धोंडू परब. माहिती देणार, क्षमा धोंडू परब, मुलगी. सही वळणदार होती, एका झटक्यात केलेली. त्याखाली कंत्राटी लिपिकाच्या जागेसाठीचा अर्ज, त्याच सहीचा. त्यावर डाव्या हाताचे पाचही ठसे स्वच्छ उमटले होते. वय चाळीस. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नाही’.